शेंदराखालचे लोखंड

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे कोकणातून मुंबईला आजोळी येत असू. आजोळ म्हणजे लालबागच्या चाळीतली एक खोली आणि बाहेरची गॅलरी. संध्याकाळी थोरला मामा कामावरून येई. त्याने उंबरठा ओलांडण्याआधीच आतून आजीचा आवाज येई, "आधी हात धू रे. पोरांना शिवू नकोस." मामा मुकाट्याने मोरीत जाई आणि साबणाने, मग राखेने, मग पुन्हा साबणाने हात घाशी. एवढे करूनही त्याच्या नखांच्या कडा केशरीच राहत. आमच्या गावच्या मारुतीची पूजा करणाऱ्या गुरवाची बोटेही अशीच होती. त्यामुळे मामा मुंबईत कुठल्या तरी मोठ्या मारुतीच्या देवळात कामाला आहे, असा आम्हा मुलांचा बरीच वर्षे समज होता.

मामा देवळात नव्हता. तो एका गोदीत रंगारी होता. जहाजाच्या पोलादावरचा गंज हातोडीने खरवडायचा, तारेच्या ब्रशने पत्रा घासायचा आणि त्यावर पहिला हात मारायचा, हे त्याचे काम. या पहिल्या हाताच्या रंगाला गोदीत 'रेड लेड' म्हणत. पुढे कधीतरी वाचनात आले की रेड लेड म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आणि शिशाचे हेच तांबडे-केशरी ऑक्साइड म्हणजे आपला शेंदूर. देवाच्या पाषाणावर तो तेलात कालवून चढवतात. जहाजाच्या पत्र्यावर चढवायचा तोही जवसाच्या तेलात कालवूनच. म्हणजे आमचा बालपणीचा समज अगदीच चुकीचा नव्हता. मामा शेंदूरच फाशीत होता, फक्त त्याचा देव पोलादाचा होता.

ही आठवण आज निघण्याचे कारण म्हणजे लष्करी सामग्रीसाठी तयार होत असलेले 'स्मार्ट' लेप. ओरखडा पडला तर स्वतःच भरून येणारा रंग, आत गंज धरू लागला की रंग बदलून सांगणारा रंग, परिसराप्रमाणे छटा बदलणारा रंग. ऐकताना परीकथा वाटावी असे हे काम गेली पंचवीसेक वर्षे जगातल्या प्रयोगशाळांतून चालू आहे. न्यू जर्सीतील अमेरिकी लष्कराच्या पिकॅटिनी आर्सेनलने तिथल्याच तंत्रविद्यापीठाच्या मदतीने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रणगाड्यांसाठी असा लेप बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. आपल्याकडेही जहाजांच्या रंगांवर संशोधन करणारी नौदल सामग्री प्रयोगशाळा कुठे दूर नाही, मुंबईजवळ अंबरनाथला आहे. आपल्यापैकी अनेकांची लोकल रोज त्या गावावरून जाते.

एखाद्याला वाटेल, रंग तो रंग, त्याचे एवढे काय? तर थोडा हिशेब सांगतो. बँकेत उमेदीची वर्षे घालवल्यामुळे हिशेब सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. गंजामुळे जगाचे होणारे नुकसान २०१३ साली सुमारे अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ३.४ टक्के असल्याचा अंदाज गंजतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केला. एकट्या अमेरिकी संरक्षण खात्याचा गंजावरचा वार्षिक खर्च वीस अब्ज डॉलरच्या आसपास सांगितला जातो. २००२ साली तिथल्या काँग्रेसने कायदा करून संरक्षण खात्यात गंजाची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर सोपवायला लावली. गंज हा असा शत्रू आहे की तो युद्ध पुकारत नाही आणि तहही करत नाही.

मुंबईकरांनी तर हे डोळ्यांनी पाहिले आहे. पहिली 'विक्रांत' १९६१ साली नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्या विमानांनी बंगालच्या उपसागरातून पूर्व पाकिस्तानातील बंदरांवर हल्ले चढवले. तिला शत्रू बुडवू शकला नाही. १९९७ साली ती निवृत्त झाली, संग्रहालय म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर उभी राहिली. माणसांनी आपली पोरे नेऊन तिला दाखवली. आणि २०१२ साली, तिची अवस्था आता लोकांना आत सोडण्याजोगी उरली नाही, म्हणून ते संग्रहालय बंद झाले. २०१४ साली ती भंगारात गेली. पाणी, हवा आणि मीठ यांच्यापुढे पोलादाचा धीर किती दिवस टिकतो, याचा हा धडा होता.

लोखंड मुळात खाणीतून निघते तेच गंजाच्या रूपात, तांबड्या मातीसारखे. भट्टीत घालून, उष्णता ओतून आपण त्याला चकचकीत करतो. ते मात्र संधी मिळेल तेव्हा आपल्या मूळच्या मातीकडे परत निघते. त्याला अडवण्यासाठी माणसाने जी जी कवचे शोधली त्यांचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. प्रत्येक कवचाचे बिल कुणीतरी भरतो. बहुधा ज्याच्या अंगावर कवच असते तो नव्हे.

१७६१ साली ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' नावाच्या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मढवला. लाकूड पोखरणारे किडे आणि तळाला चिकटणारे शिंपले यांना तांबे मानवत नाही. वेस्ट इंडीजची सफर करून नौका परतली तेव्हा तळ स्वच्छ होता, पण पत्रा ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकला होता ते जागोजाग खाऊन गेले होते. खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकमेकांना भिडले की लोखंड झपाट्याने झिजते. गंमत अशी की काही खिळे अगदी शाबूत होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्या कागदाचे तुकडे कामगारांनी काही ठिकाणी काढलेच नव्हते. जिथे कागद मध्ये राहिला, तिथे खिळा वाचला! एका कामचुकाराच्या आळसाने नौदलाला विज्ञान शिकवले.

पुढे १८२४ साली सर हंफ्री डेव्ही यांनी दुसरी युक्ती काढली. तांब्याला जोडून जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा बसवायचा. झिजायचे ते त्या तुकड्याने, तांबे सुरक्षित. आमच्या बँकेच्या भाषेत, कर्जदार तांबे, जामीनदार जस्त आणि वसुली जामीनदाराकडून. युक्ती इतकी यशस्वी झाली की तांबे झिजणेच थांबले. पण तांबे किंचित झिजून पाण्यात उतरत होते म्हणूनच शिंपले दूर राहत होते. झीज थांबली आणि नौकांचे तळ शिंपल्यांनी भरून गेले. वर्षभरातच नौदलाने ते तुकडे काढायला लावले. डेव्हींची कल्पना मात्र मेली नाही. आज पोलादी जहाजांच्या तळाला जे जस्ताचे ठोकळे लावलेले असतात, ते त्यांच्याच जामीनदाराचे वंशज.

हे जुने झाले असे कुणी म्हणू नये. अमेरिकेच्या 'एफ-२२' या अत्याधुनिक विमानाला, रडारवर दिसू नये म्हणून, पत्र्यांच्या सांध्यांत वीजवाहक भरण वापरली होती. त्या भरणीचे आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे जमले नाही आणि २००५ च्या सुमारास नव्या कोऱ्या विमानांवर गंज दिसू लागला. शत्रूच्या रडारला न दिसणारे विमान ओल्या हवेला बरोबर दिसले. 'अलार्म'च्या खिळ्यांची गोष्ट जवळपास अडीचशे वर्षांनी पुन्हा घडली होती. फक्त या वेळी तपकिरी कागद विसरलेला कामगार नव्हता.

आता हे स्मार्ट लेप काय करतात ते पाहू. २००१ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील स्कॉट व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. रसायनाने भरलेल्या, केसाच्या जाडीच्या आसपास आकाराच्या बारीक कुप्या त्यांनी प्लॅस्टिकसारख्या पदार्थात मिसळल्या. तडा गेला की वाटेतल्या कुप्या फुटत, आतले रसायन भेगेत उतरे आणि तिथेच घट्ट होई. जखमेवर खपली धरावी तसेच. पुढे हीच कल्पना रंगाच्या लेपात आली. दुसरा प्रकार सांगणाऱ्या रंगांचा. धातू गंजू लागला की त्याच्या पृष्ठभागावर काही जागी अल्कली वाढते. शाळेच्या प्रयोगशाळेत फिनॉफ्थॅलिनचा थेंब टाकल्यावर गुलाबी झालेले द्रावण ज्यांना आठवते, त्यांना यातली युक्ती लगेच कळेल. असाच एखादा पदार्थ रंगात मिसळून ठेवला की वरचा लेप धड दिसत असतानाच आतल्या गंजाची गुलाबी चुगली बाहेर येते.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. स्वतः भरून येणारा रंग विमानांवर आणि रणगाड्यांवर कितीतरी दशके होताच. त्याला कुणी स्मार्ट म्हणत नव्हते, एवढेच. पिवळट-हिरवट दिसणारा तो क्रोमेटचा पहिला हात. ओरखड्यातून पाणी आत शिरले की रंगातले क्रोमेट त्यात थोडेसे विरघळते, उघड्या पडलेल्या धातूपर्यंत पोचते आणि तिथे पातळ पापुद्रा धरते. इतका गुणी, स्वस्त आणि भरवशाचा पदार्थ शोधूनही सापडला नाही. अडचण एकच. सहा-संयुजी क्रोमियमने माणसाला कर्करोग होतो. विमानाच्या अंगावर असतो तोवर तो गुपचूप असतो. जुना रंग घासून काढताना त्याची धूळ उडते, आणि ती श्वासात जाते घासणाऱ्याच्या.

नेदरलँड्समध्ये हे घडले. शीतयुद्धाच्या अखेरच्या पर्वात अमेरिकी लष्कराचे रणगाडे आणि वाहने तिथल्या पाच कोठारांत ठेवलेली असत. १९८४ ते २००६ या काळात डच कामगारांनी त्यांची देखभाल केली, जुना रंग घासला, नवा फवारला. २०१८ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चौकशी अहवाल दिला. धोक्याची माहिती संरक्षण खात्याकडे होती, पण कामगारांना पुरेसे संरक्षण दिले गेले नाही, असा त्याचा मथितार्थ. खात्याने माफी मागितली, भरपाईची योजना केली. त्या रणगाड्यांपैकी एकही त्या कोठारांत शत्रूच्या गोळ्याने जखमी झाला नव्हता. जखमी झाली ती त्यांना रंग देणारी माणसे.

बिल भरणारा नेहमी माणूसच असतो असेही नाही. जहाजाच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथिलाच्या एका विषारी संयुगाचे रंग आले. हळूहळू विरघळून सतत नवा थर उघडा करणारे, म्हणजे तेही त्या काळचे स्मार्टच. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात कालवांची शेती होते. तिथल्या कालवांचे शिंपले बेढब जाड झाले, त्यांची पैदास खुंटली. १९८२ साली फ्रान्सने लहान नौकांसाठी हे रंग बंद केले. जगभरची बंदी लागू व्हायला २००८ उजाडले. मधल्या काळात ज्यांची कालवे मेली, त्यांनी कुठल्याही जहाजाचा तळ रंगवला नव्हता.

इथे मला बँकेतले दिवस आठवतात. तारण ठेवलेली यंत्रे पाहायला कारखान्यात गेलो की एक गोष्ट हमखास दिसे. यंत्राला ताजा रंग. माझे पहिले शाखाधिकारी म्हणत, "रंग ओला असेल तर वही मागा." म्हणजे देखभालीची नोंदवही. यंत्र किती दिवस बंद होते, काय बदलले, कुणी बदलले, हे वहीत असते, रंगात नसते. ३१ मार्च जवळ आला की ताळेबंदाचीही अशीच रंगरंगोटी होई. आपल्या भाषेने या शब्दात सगळे सांगून ठेवले आहे. रंग देणे म्हणजे झाकणे. हिशेबात यंत्राच्या झिजेला आपण 'घसारा' म्हणतो आणि दरसाल ठरावीक टक्के वजा करून मोकळे होतो. पण यंत्राची काळजी घेणारा माणूसही घासला जातो. त्याचा घसारा कुठल्याही ताळेबंदात मला कधी दिसला नाही.

म्हणून स्मार्ट लेपांतले मला सर्वात मोलाचे वाटते ते त्यांचे भरून येणे नव्हे. कुपी एकदा फुटली की संपली, त्याच जागी दुसरा ओरखडा पडला तर पुन्हा माणूसच लागतो. मोलाचे आहे ते त्यांचे सांगणे. हजारो वर्षे रंग झाकत आला. पहिल्यांदाच रंगाने आतले सांगायचे मनावर घेतले आहे. पण सांगणाऱ्याचे ऐकणारा कुणी लागतो. रंग गुलाबी झाला आणि दुरुस्तीच्या खात्यात पैसा नसला, तर तो रंग काय करील? नव्या जहाजाच्या जलावतरणाला मंत्री येतात, नारळ फुटतो, फोटो छापून येतात. जुन्या जहाजाच्या तळाला दुसरा हात दिला, त्याचा समारंभ झाल्याचे मी कधी ऐकले नाही.

शिवाय लेप कितीही हुशार झाला तरी तो चढवण्यापूर्वी जुना काढावा लागतो. पृष्ठभाग नीट घासलेला नसेल तर उत्तम रंगही पोपडे धरून पडतो, हे कुठलाही रंगारी सांगेल. आणि एखादी जागा सुटली तर गंज नेमका तिथूनच शिरतो. गांधारीच्या दृष्टीने दुर्योधनाचे सारे शरीर वज्राचे झाले, पण मांडी झाकलेली राहिली, ही लोककथा आपण लहानपणी ऐकली आहे. रंगाच्या धंद्यात अशा सुटलेल्या जागेला इंग्रजीत चक्क 'हॉलिडे' म्हणतात. आपल्या व्यवस्थेत अशी सुटलेली जागा कोणती असेल, तर ती घासणाऱ्या माणसाची.

आपल्याकडचा एक नियम पाहा. भिंतीच्या आणि शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. चांगला नियम आहे. आपल्या घरातली मुले त्यामुळे सुरक्षित झाली. पण तो घरगुती आणि शोभेच्या रंगांपुरता आहे. औद्योगिक रंग त्याच्या कक्षेबाहेर राहिले. म्हणजे कायदा आमच्या आजीसारखा उंबरठ्याशी उभा आहे. "पोरांना शिवू नकोस," एवढे तो म्हणतो. मामाच्या हाताचे काय, हे त्यालाही सुचलेले नाही.

देशाच्या संरक्षणाला उत्तम लेप हवेतच. खारट वाऱ्यात उभ्या असलेल्या आपल्या नौका, लडाखच्या थंडीत आणि राजस्थानच्या वाळूत झिजणारी वाहने आणि त्यांत बसलेली आपली मुले यांना चांगले कवच मिळाले पाहिजे. त्यासाठी अंबरनाथसारख्या प्रयोगशाळांना पैसा आणि वेळ दिला पाहिजे. मागणे एवढेच आहे की नव्या लेपाची परीक्षा घेताना मिठाच्या फवाऱ्यात तो किती तास टिकला याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा. तो चढवणाऱ्याला आणि वीस वर्षांनी खरवडून काढणाऱ्याला तो काय करील? आणि खरवडणारा कायम नोकर असो वा ठेकेदाराचा माणूस, त्याच्या रक्ताची, फुप्फुसांची तपासणी ठरल्या दिवशी व्हावी, तिची नोंद वहीत राहावी, आणि ती वही त्याला बघता यावी. जहाजाच्या प्रत्येक पत्र्याची जाडी मोजून लिहिणाऱ्यांना हे अवघड जाऊ नये.

मामा निवृत्त झाला तेव्हा त्याचे हात कापत. चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागे. एका डॉक्टरांनी त्याच्या कामाची चौकशी केली आणि विचारले, "नोकरीत कधी रक्त तपासले होते का? शिसे किती आले होते?" मामा हसला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जहाजाचं तपासायचे. आमचं कोण तपासणार?" कागद नव्हताच, त्यामुळे तो थरकाप वयाचा होता की शेंदराचा, हे कधी ठरले नाही. तक्रार करायला पुरावा लागतो आणि पुरावा मोरीतून रोज वाहून गेला होता.

तो गेल्यावर त्याच्या पेटीत पाहिले, तर निवृत्तीच्या कागदांबरोबर एक चिपिंगची हातोडी निघाली. दांडा हाताच्या घामाने काळा पडलेला, पण पाते तेल लावून कापडात गुंडाळलेले. त्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता. आज ती माझ्या टेबलावर असते. वर्षातून दोनदा मी तिला तेल लावतो, आणि लावून झाले की, आजीच्या धाकाने असेल, हात धुतो.